देवी गेल्या, गोवर परत आला

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर नक्की वाचा.

मागच्या आठवड्यात तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर चहा पीत होतो. ओळखीचा एक रिक्षावाला शेजारी येऊन बसला. त्याच्या धाकट्या मुलीला गोवर निघाला, त्यातून न्यूमोनिया झाला, आठ दिवस तिला जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात ठेवावं लागलं. आता पोरगी घरी आली आहे, पण पार वाळून गेली आहे. मी सहज विचारलं, "लस दिली नव्हती का रे?" त्याने मोबाईल काढला, जुन्या फोटोंमध्ये बराच वेळ खाली-वर केलं आणि एक फोटो माझ्यासमोर धरला. पेपरातल्या बातमीचा फोटो, २०१८ सालचा.

"भाऊ, तुम्हीच लिहिलं होतं ना हे? आमच्या घरात तेव्हापासून सुई बंद."

बातमी माझीच होती.

आठवत असेल तुम्हाला. २०१८ च्या नोव्हेंबरच्या शेवटी राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना एक इंजेक्शन, तेही शाळेत. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत लस दिल्यावर एका मुलीला चक्कर आली. तिला बघून दुसरी बसली, मग तिसरी. मी धावत गेलो. डॉक्टर म्हणाले, मुलं सकाळपासून उपाशी आहेत, सुईला घाबरली आहेत, एक पडली म्हणून बाकीच्या पडल्या, तासाभरात सगळ्या घरी जातील. तशा त्या गेल्याही. पण बातमीचा मथळा होता 'लसीनंतर विद्यार्थिनींना भोवळ, पालकांत घबराट'. डॉक्टरांचं म्हणणं शेवटच्या ओळीत होतं आणि छापताना जागा कमी पडली म्हणून ती ओळ उडाली. मुली बऱ्या झाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी मी दिलीच नाही. का दिली नाही? कारण त्यात बातमी काय, असं वाटलं.

ती उडालेली ओळ सात-आठ वर्षांनी त्या टपरीवर माझ्यासमोर उभी राहिली. म्हणून हे लिहायला बसलो. त्या निमित्ताने थोडा इतिहासही वाचला. लोक लसीला का घाबरतात याचं उत्तर आपण "अडाणीपणा" असं एका शब्दात देऊन मोकळे होतो. इतिहास तसं सांगत नाही.

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. तिची दोन भावंडं देवीतच गेली. ती त्या रोगाला रोग म्हणायची नाही. "देवी आल्या होत्या" म्हणायची, पाहुणे आल्यासारखं. कडुलिंबाचा पाला बांधायचा, फोडणी द्यायची नाही, पोराला रागवायचं नाही. दुसरा इलाजच नव्हता हातात.

त्या देवीवरची लस भारतात पहिल्यांदा दिली गेली ती आपल्या मुंबईत. १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीचा प्रयोग केला होता १७९६ मध्ये. बगदाद, बसरा करत ती लस सहा वर्षांनी इथे पोचली. तेव्हा फ्रीज नव्हता, बाटली नव्हती. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातला पू काढून दुसऱ्याच्या दंडात टोचायचा. लस अशी माणसामाणसांतून गावोगाव फिरायची.

आता विचार करा. परक्या जातीच्या, अनोळखी पोराच्या फोडातलं पाणी आपल्या लेकराच्या अंगात घालायचं. कोणती आई पटकन तयार होईल? यात जातीचा विटाळ होता हे खरं. पण एकाच्या दंडातून दुसऱ्याकडे भलताच रोग जाण्याची भीतीही होती, आणि ती भीती खोटी नव्हती. वासराच्या अंगावर वाढवलेली लस वापरात आली तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला. मधल्या काळात सरकारने काय केलं? १८७७ मध्ये मुंबईत लसीकरण सक्तीचं करणारा कायदा केला. इंग्लंडमध्येही अशीच सक्ती होती. तिथल्या लोकांनी मोर्चे काढले, १८८५ मध्ये लेस्टर शहरात मोठी निदर्शनं झाली. शेवटी १८९८ मध्ये तिथल्या कायद्यात न पटणाऱ्या पालकांना सूट द्यावी लागली. म्हणजे शंका घेणारे फक्त आपल्याच खेड्यांत होते असं नाही.

मग आला प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने पहिले रुग्ण ओळखले. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी बोलवा होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. हाच तो कायदा, जो २०२० मध्ये कोरोनात पुन्हा बाहेर काढला गेला. पुण्यात गोरे सोल्जर घरात शिरून झडत्या घेऊ लागले. पुढे २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलो. पण सोल्जर आणि लस या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकत्र बांधल्या गेल्या, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही.

त्याच वेळी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन नावाचा माणूस प्लेगची लस तयार करत होता. ओडेसाचा ज्यू, पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम केलेला. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. चांगला ताप भरला, पण लस बाधत नाही हे कळलं. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. पुढे लाखो लोकांनी ती घेतली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात घात झाला. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ठपका हाफकिनवर आला, त्याला कामावरून दूर केलं. पुढे चौकशीत जे निघालं ते असं, की बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढलं. लसीत दोष नव्हता, हाताळणीत होता. पण हाफकिनचं नाव धुऊन निघायला १९०७ साल उजाडलं. पाच वर्षं! या पाच वर्षांत प्लेगने या देशात किती माणसं नेली याचा हिशोब लाखांत आहे. लोकांपर्यंत पहिली बातमी पोचली, दुसरी किती जणांपर्यंत पोचली कोण जाणे. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं. तीच आपली हाफकिन संस्था.

मुल्कोवालचं वाचताना मला माझा मथळा आठवला, हे खोटं कशाला सांगू. इथे कुणी दगावलं नव्हतं, पण तऱ्हा तीच. भीती पहिल्या पानावर आणि खुलासा गायब.

असो. देवी शेवटी गेल्या. १९७४ मध्येसुद्धा भारतात देवीचे पावणेदोन लाखांवर रुग्ण होते. १९७५ मध्ये शेवटचा रुग्ण सापडला आणि ८ मे १९८० ला जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी संपल्याचं जाहीर केलं. त्या शेवटच्या टप्प्यात बिहारसारख्या ठिकाणी रात्री दार तोडून, माणसाला धरून लस टोचल्याचेही दाखले आहेत. रोग गेला, पण धाक मनात राहिला.

१९८५ पासून देशभर सगळ्या बाळांना लस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात गोवरची लसही होती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, सगळे हळूहळू मागे हटले. १३ जानेवारी २०११ नंतर देशात रानटी विषाणूच्या पोलिओचा एकही रुग्ण नाही. आज तिशीतल्या आईबापांना घटसर्प झालेलं पोर बघून माहीत नाही. रोग दिसत नाही, सुई दिसते. सुईने पोर रडतं, रात्री तापाने फणफणतं, दुसऱ्या दिवशी मजुरी बुडते. मग त्यांच्या मनात येतं, हे सगळं कशासाठी? या प्रश्नात मला वेडेपणा दिसत नाही. त्याचं उत्तर द्यायला कुणी बसत नाही, ही खरी अडचण आहे.

उत्तर द्यायला कुणी नसलं की मोबाईल असतोच. "लसीने ऑटिझम होतो" हा मेसेज तुम्हालाही आला असेल. त्याचं मूळ १९९८ मध्ये लॅन्सेट या इंग्लंडच्या साप्ताहिकात आलेल्या अँड्र्यू वेकफील्डच्या लेखात आहे. अवघ्या बारा मुलांवरचा लेख. २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही. पण मेसेज फिरतोच आहे. शिकलेल्यांच्या देशातही फिरतो. अमेरिकेने २००० साली गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं. २०२५ मध्ये एकट्या टेक्सासात सातशेहून जास्त लोकांना गोवर झाला, दोन मुलं गेली. दोघांनाही लस दिलेली नव्हती.

आणि आपल्याकडे? २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडी, मग भिवंडी, मालेगाव. दहाहून जास्त मुलं दगावली, केंद्राचं पथक आलं. कोरोनाच्या दोन वर्षांत लसीकरणाचं वेळापत्रक कोलमडलं होतं. घरं दाटीची, पोरं कुपोषित, आईबाप कामावर. काही घरांत शंका होती, पण काही घरांत कुणी पोचलंच नव्हतं. दोन्हींना "विरोध" म्हणून एकाच खात्यात टाकणं बरोबर नाही.

गोवर म्हणजे "निघतो आणि जातो" असं आपण समजतो. तो सगळ्यांत लवकर पसरणाऱ्या रोगांपैकी आहे. लस न घेतलेल्यांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना देऊ शकतो. रुग्ण खोलीतून गेला तरी दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. म्हणून गावातल्या शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस झाले तरच तो थांबतो. अंगावर पुरळ उठलं की मनुकांचं पाणी द्या, आजीचा धीर द्या, पण दवाखान्यात न्याच. 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस तिथे मिळतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात. गोवर आणखी एक वाईट गोष्ट करतो. आधी झालेल्या आजारांशी लढायची शरीराची आठवण पुसून टाकतो. पोर पुढचे कितीतरी महिने बारीकसारीक गोष्टीने आजारी पडत राहतं, ते यामुळे.

लसीने काहीच होत नाही असंही मी म्हणणार नाही. ताप येतो, कधी आठवड्याने हलकं पुरळ येतं. गंभीर ॲलर्जी दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात. चुकाही होतात. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. मुलं वाचली. पण अशा वेळी चूक लपवली तर पुढची दहा वर्षं लोक दार उघडत नाहीत. चूक कुठे झाली हे त्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं, अधिकाऱ्यांनी आणि आम्ही पत्रकारांनीही.

परवा मी त्या रिक्षावाल्याच्या घरी गेलो. बातमीत काय राहून गेलं होतं ते त्याला आणि वहिनींना बसून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "हे तेव्हाच छापलं असतं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या मोठ्या मुलाचेही डोस राहिलेत. पुढच्या सत्राला आशाताईंबरोबर त्यालाही घेऊन येते म्हणाल्या. येतील की नाही, बघू. मी जाणार आहे.

तुम्ही एवढंच करा. घरातलं लसीकरणाचं कार्ड काढा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत झालाय का बघा. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत उपकेंद्रात फुकट मिळतो. शंका असेल तर आधी तिथल्या नर्सताईंना किंवा डॉक्टरांना विचारा, विचारायला लाजू नका. आणि २०१८ ची माझी ती बातमी कुणाच्या मोबाईलमध्ये अजून असेल, तर तिच्याखाली ही पोस्ट जोडून ठेवा.