सारवलेली भुई : जालना जिल्ह्यातील गृहस्वच्छतेचा सामाजिक इतिहास

निजामी राजवट, मुक्तिसंग्राम आणि दुष्काळ यांवर मराठवाड्यात विपुल लेखन झाले. रोज पहाटे अंगणात पडणारा सडा मात्र इतिहासलेखनातून बहुधा निसटला. प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्यातील सारवणाचा, विशेषतः पाणी आणि स्त्रीश्रम या अंगांनी, विचार केला आहे.

तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणीतील परतूर हे तालुके मिळून १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. मातीच्या भिंती आणि धाब्याचे छत ही येथील जुन्या घरांची सर्वसाधारण रचना होय. गावरहाटीच्या भाषेत शेतजमीन ती 'काळी' आणि वस्ती ती 'पांढरी'. हा भेद केवळ शब्दांचा नाही. काळी माती पाण्याने फुगते व उन्हात भेगाळते. म्हणून भुईसाठी मुरूम आणि पांढरी मातीच लागे. मुरूम पसरून, पाणी शिंपडून, चोपण्याने चोपून काढल्यावर शेण-मातीचा काला हाताने फिरविला जाई. शेणातील न पचलेले तंतू माती धरून ठेवतात आणि धूळ बसते. तेल सांडले तर तेवढी माती खरवडून तेथे पुन्हा सारवीत. भुई धुण्याचा प्रश्नच नव्हता. ती दर काही दिवसांनी नव्याने घडवावी लागे. भांडी चुलीतल्या राखेने घासली जात. राखेतील क्षाराने ओशटपणा सुटतो. तांब्यापितळेला चिंच आणि कोंदट वासावर कडुनिंबाच्या पाल्याची धुरी किंवा ऊद. बादलीभर पाण्यात घर लख्ख ठेवणारी ही व्यवस्था अवर्षणप्रवण प्रदेशाला साजेशीच होती.

परंतु तिचा भार कोणावर होता? गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत केर भरतो, शेणी वेचतो. भक्तीचा भाग सोडला तरी त्यातून एक गोष्ट उघड होते : झाडलोटीचे काम साहित्यात आले ते देवाने त्याला हात लावला तेव्हा. शेण गोळा करणे, माती आणणे, ओणवे बसून घरभर हात फिरविणे आणि सणावाराआधी भिंती पोतारणे ही सारी कामे स्त्रियांचीच राहिली.

अलीकडे सारवणाचे जे गौरवीकरण होते, तेही तपासून घ्यावयास हवे. शेण जंतुनाशक असल्याचे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात जनावरांच्या शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. सारवलेल्या खोलीत बाळंतपण होई आणि नाळेच्या जखमेला शेण वा माती लागण्याचा धोका असे. नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यामागे लसीकरण आणि दवाखान्यातील बाळंतपणे होती, हे विसरता येत नाही.

पुढे शहाबादी फरशी, मग सिमेंटचा कोबा आणि त्यानंतर टाइल्स आल्या. सारवणाचे कष्ट सरले, शेणाची जागा फिनेलने घेतली. पण नवी जमीन रोज पाणी मागू लागली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर व परिसर टँकरवर अवलंबून असताना ही मागणी फार महाग ठरली. मातीच्या भुईला पंधरवड्याने लागणारे पाणी आणि फरशीला रोज लागणारे पाणी यांतील फरक टंचाईचा विचार करताना क्वचितच कोणी लक्षात घेतो.

जनगणनेच्या घरयादीत २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी जमीन माती, दगड, सिमेंट की फरशीची, याची नोंद आहे. ती जमीन कोण स्वच्छ करते, असा रकाना तेथे नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात मात्र विनावेतन घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे जातात, असे आढळते.