अवटुशोथ, उपतीव्र

विषाणुजन्य आजार ओसरल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीला येणारी दुखरी सूज. ती बहुधा आपोआप उतरते. तिशी ते पन्नाशीतील स्त्रियांत पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळते.

इतिहास : होल्गर मिगिंड यांनी १८९५ मध्ये अशा रुग्णांची नोंद केली होती. मात्र विकाराला नाव मिळाले ते स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हँ (१८६८–१९४०) यांचे. त्यांनी १९०४ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन केले आणि १९३६ मध्ये ऊतिविकृतीसह ते पुन्हा मांडले. बर्न येथे ते थेओडोर कोखर यांच्यानंतर शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. अवटूवरील कार्यासाठी १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले ते हेच कोखर. अंगठ्याच्या कंडरेचा दाह या दुसऱ्या विकारालाही द केर्व्हँ यांचेच नाव आहे. त्यामुळे केवळ नावावरून शोध घेणाऱ्याची फसगत होते.

कारणे : विषाणू ग्रंथीत शिरून पेशी नासवतो, की त्याला दिलेली प्रतिकारक्षम प्रतिक्रिया ग्रंथीवर उलटते, याविषयी एकमत नाही. प्रत्यक्ष ग्रंथीत विषाणू क्वचितच सापडला आहे. पुरावा बहुतांशी परिस्थितिजन्य आहे. इस्रायलमध्ये १९५७ मध्ये नोंदलेल्या रुग्णांत गालफुगीची इतर लक्षणे नसताना तिची प्रतिद्रव्ये वाढलेली आढळली. कॉक्सॅकी, इन्फ्लुएंझा, ॲडिनोव्हायरस यांचीही नावे घेतली जातात. एचएलए-बी३५ हा ऊतिप्रकार असणाऱ्यांत विकाराची शक्यता अधिक असते. कोविड-१९ नंतरच्या उपतीव्र अवटुशोथाची पहिली नोंद २०२० मध्ये इटलीतील पिसा येथून झाली. त्याच वर्षी मिलान येथील रुग्णालयात दाखल झालेल्या २८७ कोविड रुग्णांपैकी सुमारे एक-पंचमांश रुग्णांच्या रक्तात अवटुस्रावाचा अतिरेक दिसला. पण त्यांत मान दुखण्याची तक्रार ठळक नव्हती, म्हणून तो हाच विकार मानावा का, हा वादाचा मुद्दा आहे.

लक्षणे व क्रम : ताप, थकवा आणि मानेच्या पुढच्या भागात दुखणे. कळ जबड्यात व कानात जाते, त्यामुळे रुग्ण आधी दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पोहोचतो. दुखणे ग्रंथीच्या एका खंडातून दुसऱ्यात सरकू शकते. पहिले तीन ते सहा आठवडे धडधड, हातांना कंप, घाम व वजन घटणे ही स्रावाधिक्याची लक्षणे असतात. नंतर काही महिने स्राव कमी पडतो आणि बहुतेकांत पुढे तो पूर्ववत होतो. अमेरिकेतील ओल्मस्टेड परगण्यात १९७०–९७ या काळातील ९४ रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला असता सुमारे १५ टक्क्यांना कायमची थायरॉइडची गोळी लागली.

निदान : येथे होणारी चूक महागात पडते. टीएसएच (अवटूला चेतवणारे संप्रेरक) घटलेले आणि टी४ (अवटूचे संप्रेरक) वाढलेले दिसले की ग्रेव्हज विकार, म्हणजे ग्रंथीने जादा संप्रेरक बनवण्याचा विकार, समजून कार्बिमाझोल सुरू केले जाते. वस्तुतः उपतीव्र अवटुशोथात ग्रंथी जादा संप्रेरक बनवत नसते. फुटलेल्या कणगीतून धान्य सांडावे तसा आधीचाच साठा रक्तात सांडतो. निर्मिती रोखणारी गोळी त्यामुळे निरुपयोगी ठरते. ईएसआर (रक्तातील तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग) बहुधा ताशी ५० मिमी.च्या पुढे जातो. या जुन्या व स्वस्त तपासणीचा अहवाल सामान्य आला तर निदानाचा फेरविचार करावा. किरणोत्सर्गी आयोडिनचे ग्रहण जवळपास शून्य असते, तर ग्रेव्हजमध्ये ते वाढलेले असते. एवढ्यावर दोन्ही विकार वेगळे ओळखता येतात. सुईने घेतलेल्या नमुन्यात बहुकेंद्रकी महाकोशिका दिसतात, पण तो घेण्याची गरज क्वचितच पडते.

उपचार : सौम्य विकारात आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके पुरतात. त्यांनी गुण न आल्यास प्रेडनिसोलोन देतात. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत प्रारंभीची मात्रा दिवसाला ४० मिग्रॅ. आहे, जपानी वैद्य १५ मिग्रॅ.पासून आरंभ करतात आणि बहुसंख्यांना तेवढ्यानेही आराम पडतो. दुखणे एक-दोन दिवसांत थांबले नाही तर निदान पुन्हा तपासावे. औषध घाईने बंद केल्यास दुखणे उलटते. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल.

पुनरावृत्ती : थोड्या रुग्णांत, कधी अनेक वर्षांनी.