बेलापूर स्टेशनचा बाजार

काही वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, एका वृद्ध मास्तरांना सोबत घेऊन मी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) स्थानकावरून सकाळच्या गाडीने श्रीरामपूरच्या बाजाराला गेलो. मास्तर हा शब्द येथे आपल्या जिल्ह्यातील जुन्या अर्थाने घ्यावा. शाळा चालविणे, प्रार्थना घेणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, अडाण्याचे पत्र लिहून देणे ही सारी कामे एकट्याने करणारा तो मास्तर. माझ्या प्रवासाला निमित्त झाली होती धर्मग्रामातील स्नानसंस्काराची एक जुनी नोंदवही. तिच्यात पित्याच्या व्यवसायाच्या रकान्यात आधीच्या पानांवर ‘मजूर’ आणि कोठे कोठे ‘दोर’ असे लिहिलेले आढळते; पुढे मात्र पानेच्या पाने ‘कंपनी’ हा एकच शब्द. हे काय, असे मी विचारले तेव्हा मास्तर म्हणाले, “फादर, ते वहीत कळायचं नाही. एकदा माझ्याबरोबर बाजाराला चला.”

दौंड–मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. मुंबईहून घाट चढून एक मार्ग पुण्याकडून आग्नेयेला जातो, दुसरा नाशिककडून ईशान्येला. त्या दोहोंना जोडणारा हा सुमारे २३५ किलोमीटरांचा दुवा. नकाशावर तो सैन्याच्या आणि मालाच्या सोयीचा दिसतो, आणि तसा तो होताच. परंतु त्याचे सालही पाहावे. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. सरकारने जी दुष्काळी कामे काढली त्यांत या मार्गाचे मातीकामही होते. ज्या रुळांवरून आपण खिडकीशी बसून शेते पाहत जातो, त्यांखालचा भराव उपाशी माणसांनी पाट्या वाहून घातला आहे. त्यांत आपल्या लोकांचे आजे-पणजे किती होते, हे कोणत्याही वहीत सापडत नाही.

गाडी मुळा ओलांडून राहुरीला येते. राहुरी म्हटले की मराठी ख्रिस्ती वाचकाला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई आठवल्यावाचून राहत नाहीत. टिळकांच्या हाती नवा करार पडला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाकडून. आणि १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती प्रेषितकार्याचा आरंभ अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली केला, ही गोष्ट आपण कॅथलिकांनी मोकळेपणाने सांगावी. आपले जर्मन येशूसंघीय नंतर आले, राहुरीच्या परिसरातील खेड्यांत घोड्यावरून व पायी हिंडले, आणि पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना हा देश सोडावा लागला. मेंढरे येथेच राहिली, मेंढपाळ गेले. त्या वर्षांत आपली ख्रिस्तसभा ज्यांनी टिकवून धरली ते मास्तर होते. त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ निघायला हवा, असे मी या पानांतून पूर्वीही म्हटले असेल.

प्रवरेचा पूल गेला की बेलापूर. येथे नवखा प्रवासी हमखास गोंधळतो. नवी मुंबईतील बेलापूर वेगळे; आणि हे स्थानक ज्या शहराच्या मध्यावर उभे आहे ते शहर बेलापूर नव्हेच, ते श्रीरामपूर. मूळ बेलापूर प्रवरेच्या काठी काही मैल मागे राहिले. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने जवळचे जाणते गाव म्हणून त्याचे नाव स्थानकाला दिले, कारण स्थानकाच्या जागी नाव देण्याजोगे दुसरे गाव नव्हते. मग धान्य, गूळ आणि कापड यांचे व्यापारी रुळांच्या कडेला येऊन बसले, वखारी उभ्या राहिल्या, वस्ती वाढली आणि राममंदिराच्या देवावरून तिला श्रीरामपूर म्हणू लागले. रेल्वेच्या वेळापत्रकाने मात्र दीर्घकाळ ‘बेलापूर’ सोडले नाही. आपल्याकडे बाजारपेठ पाहून रेल्वे आणली असे सर्रास लिहिले जाते. येथे घडले ते उलट आहे.

अर्थात केवळ रुळांनी बाजार होत नाही. त्याला पाणी लागले. प्रवरेवर भंडारदरा येथे १९१० साली सुरू झालेले धरणाचे काम १९२६ साली पूर्ण झाले. कालव्यांचे पाणी कोरड्या माळावर आले आणि ऊस उभा राहिला. स्थानकापासून थोड्या अंतरावर हरेगाव येथे पहिल्या महायुद्धानंतर बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. मास्तर बाजाराच्या तोंडाशी थांबून मला सांगत होते ती ही ‘कंपनी’! कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या, मैलोगणती ऊस लावला आणि तो तोडायला, पाणी द्यायला, गाड्या भरायला माणसे बोलावली. ती कोठून आली? ज्यांना गावात जमीन नव्हती, बलुत्याचा हक्क होता पण मानाचा घास नव्हता, त्यांतून आली. रोख पगार आणि पाटलाच्या नजरेबाहेरची चाळीतली खोली, या दोन गोष्टींसाठी माणूस केवढे अंतर तोडतो! धर्मगुरू त्यांच्यामागून आले, पुढून नव्हे. आपल्या स्मरणिकांत याचा क्रम नेमका उलटा छापलेला असतो आणि तो मला खटकतो.

‘दोर’ या शब्दाचा उलगडा बाजारातच झाला. पोळा जवळ आला म्हणून एका अंगाला कासरे, वेसणी, दावी, म्होरक्या यांचे ढीग मांडलेले. आता बहुतेक नायलॉनचे, रंगीत. घायपाताचा दोर दोघा-तिघांकडेच होता. मास्तर उकिडवे बसले, दोराचा पीळ बोटांनी उलटा करून पाहिला आणि म्हणाले, “माझा बाप इथंच बसायचा. पण या रांगेत नाही, तिकडं, भिंतीपलीकडं.” दोर वळणारा मांग समाज बाजाराच्या कडेला बसे. त्याच्या दोराने बैल बांधला जाई, विहिरीचे पाणी शेंदले जाई. पण पैसे त्याच्या हाती वरून टाकले जात. बाप्तिस्म्याने ती भिंत पडली का, असे मी विचारले. मास्तरांनी उत्तर दिले नाही. दोराचा भाव विचारला.

येथे मला डॉ. आंबेडकरांच्या बालपणातील १९०१ सालची हकीगत आठवते. साताऱ्याहून निघालेली ही मुले आगगाडीने मसूरपर्यंत सुखरूप आली. त्यांना नेण्यास कोणी आले नाही आणि जात कळताच एकही गाडीवान त्यांना आपल्या गाडीत घेऊन हाकायला तयार होईना. तिकीट काढणाऱ्याला डब्यात जागा होती. ती समता स्टेशनच्या फाटकाशी संपत होती. बेलापूरचे फाटक याहून निराळे असेल असे मानण्यास मजजवळ काही आधार नाही.

कंपनीची कथा पुढे लांबली. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर तिच्या जमिनी शासनाकडे गेल्या, १९६३ साली राज्य शेती महामंडळ स्थापन झाले, आणि खंडकरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीसाठी कित्येक दशके लढा दिला. २०१२ पासून त्या परत मिळू लागल्या. त्यांचा हक्क न्याय्य होता, याविषयी दुमत नाही. परंतु त्या लढ्याचे कागद आहेत, गट नंबर आहेत, पुढाऱ्यांची नावे आहेत. त्याच मातीत तीन पिढ्या राबून चाळीत जन्मलेल्या आणि चाळीत मेलेल्या माणसांचा कागद कोठे आहे? बहुतेकांच्या बाबतीत तो एकच आहे: चर्चमधली नोंदवही, आणि तिच्यातला ‘कंपनी’ हा शब्द. वाळवी लागलेल्या त्या वह्या आपण धर्मगुरू कपाटात कोंबून ठेवतो आणि शतकमहोत्सव आला की संस्थापक फादरांचा फोटो तेवढा शोधतो. यात मीही आलो.

त्याच हरेगावात १९४९ सालापासून सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. बांद्र्याच्या मोत माउलीशी या नावाचे नाते उघड आहे. तेथील ‘मोत’ हा डोंगर या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश मानतात. हरेगावला डोंगर नाही, सपाट काळी जमीन आहे. नाव तेवढे मुंबईहून आले आणि त्यामागून गाडी भरभरून माणसे आली. स्थानकावर उतरून हरेगावची वाट धरणाऱ्या या लोकांत कॅथलिक किती आणि इतर किती, हे मोजायला कोणी जात नाही.

परतीची गाडी उशिरा आली. मास्तरांनी घायपाताचा एक कासरा विकत घेतला होता. त्यांच्या घरी बैल नाही, हे मला ठाऊक होते. पिशवी मांडीवर घेऊन ते फलाटाच्या बाकावर बसले आणि वहीतली कोणती नावे मी वाचून दाखवली होती ती पुन्हा एकेक विचारू लागले. प्रत्येक नावावर ते चाळीचा नंबर सांगत. मजजवळ कागद नव्हता. तिकिटाच्या पाठीवर मावतील तेवढे नंबर मी लिहून घेतले.