शेगडीचा पत्रा, निळे मणी आणि कोटाची बटणं

लुईस आणि क्लार्क यांची मोहीम अमेरिकेत पराक्रमाचा धडा म्हणून शिकवली जाते. १८०४ साली ही माणसं मिसूरी नदीतून निघाली, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पोहोचली आणि १८०६ साली परतली. चित्रात दोन कप्तान आणि दूरवर दाखवणारं बोट असतं. मला मात्र त्यांच्या सामानाची यादी जास्त बोलकी वाटते.

काँग्रेसनं सुरुवातीला २,५०० डॉलर मंजूर केले होते. मेरिवेदर लुईसनं १८०३ साली फिलाडेल्फियात खरेदी केली, तेव्हा २८९ डॉलर ५० सेंट गेले ते आटवून घट्ट केलेल्या सूपवर! १९३ पौंडांचं हे सूप कुणालाच आवडलं नाही, पण बिटररूट पर्वतात शिकार मिळेना तेव्हा तेच प्यावं लागलं.

खरी अक्कल दिसते ती दारूच्या डब्यांत. बंदुकीची दारू शिशाच्या ५२ डब्यांत भरलेली होती. डबा रिकामा झाला की तो वितळवून गोळ्या ओतायच्या. डब्यातल्या दारूला पुरतील एवढ्या गोळ्या त्याच डब्याच्या शिशातून निघत. डबे पाण्यात पडले, खडकांवर आपटले, तरी बहुतेकांतली दारू कोरडी राहिली.

याउलट लुईसची लाडकी लोखंडी होडी. स्वतः आखलेला तिचा सुटा सांगाडा त्यानं नदीतून वर, ग्रेट फॉल्सच्या धबधब्यांपर्यंत वाहून नेला आणि त्यावर कातडी चढवली. पण शिवणी बुजवायला राळ हवी, आणि आसपास पाइनची झाडंच नव्हती. कोळसा, मेण, चरबी लावून पाहिली. जुलै १८०५ मध्ये होडी गळू लागली आणि शेवटी तो सांगाडा जमिनीत पुरावा लागला.

सगळ्यात मौल्यवान निघाली ती मोडकी शेगडी. १८०४-०५ चा हिवाळा या तुकडीनं मंडन लोकांच्या गावांजवळ काढला. तिथल्या बायकांनी पिकवलेला मका नसता तर उपासमार ठरलेली. वाटेत जळून निकामी झालेल्या पत्र्याच्या शेगडीचे लोहारानं तुकडे पाडले. चार इंची चौकोनी तुकड्याला सात-आठ गॅलन मका मिळाला! या पत्र्याची बाणांची टोकं आणि कातडी खरवडायची अवजारं होत. ज्यांना अमेरिकेची पुस्तकं बराच काळ ‘रानटी’ म्हणत राहिली, त्यांनी भंगाराचा उपयोग ओळखून भाव ठरवला होता.

पॅसिफिक किनाऱ्यावरचे लोक तर आणखी चोखंदळ. व्यापारी जहाजांशी व्यवहार करून ते तयार झालेले. त्यांना मणी हवे होते, पण निळेच. नोव्हेंबर १८०५ मध्ये समुद्री पाणमांजराच्या कातड्याचा एक झगा कप्तानांच्या मनात भरला. मालक दुसरं काही घेईना. अखेर सकागविया या शोशोनी तरुणीच्या कमरेचा निळ्या मण्यांचा पट्टा देऊन झगा घेतला गेला. बदल्यात तिला निळ्या कापडाचा एक कोट मिळाला. तिच्या मनात काय होतं, हे रोजनिशीत नाही.

परतीच्या वाटेवर पेटारे रिते झाले. मग कप्तानांनी स्वतःच्या कोटांची बटणं कापली. ती बटणं, थोडं डोळ्यांचं औषध, मलम, रिकाम्या कुप्या आणि पत्र्याच्या डब्या घेऊन जून १८०६ मध्ये दोघांना खाण्याजोगी मुळं आणायला पाठवलं. त्यांनी सुमारे तीन बुशेल मुळं आणली.

त्यातला एक होता यॉर्क, क्लार्कचा काळा गुलाम. कायद्यानं तोही मालकाच्या सामानातच मोडत होता. परतल्यावर सैनिकांना दुप्पट पगार आणि ३२० एकर जमीन मिळाली. सकागवियाच्या नवऱ्याला दुभाष्या म्हणून पाचशे डॉलर मिळाले. तिला काहीच नाही, यॉर्कलाही नाही. त्यानं पुढं स्वातंत्र्य मागितलं, बायको लुईव्हिलला होती म्हणून निदान तिच्याजवळ राहू द्या म्हणाला. क्लार्कनं त्याला मारहाण केली. हे क्लार्कनं स्वतःच भावाला लिहिलेल्या पत्रांत आहे.