कागदावरची ‘कोम’

पेण किंवा रोह्याकडच्या घराण्यातली पणजी शोधायला निघालेला माणूस आधी वंशवृक्ष उलगडतो. त्यात पुरुषांची नावे सापडतात. एका पिढीतून दुसरी पिढी जणू बाईवाचूनच निपजली असावी. छापील कुलवृत्तांतांनी ही उणीव काही अंशी भरून काढली हे मान्य करायला हवे. पुरुषाच्या नोंदीखाली पत्नीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, माहेरचे गाव आणि लेकींची सासरे देण्याची रीत त्यांनी पाडली. मग आणखी काय हवे, असे कुणी विचारील. हवे ते असे की ही माहिती बहुतेक घरातल्या कर्त्या पुरुषांकडून पत्रापत्री करून जमवलेली असते, आणि त्यांच्या आठवणीतली आजी सासरच्या नावानेच ओळखली जाते. लग्नात नाव बदलले की मागचा माग पुसला जातो. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या, रमाबाई रानडेही यमुनाच, टिळकांच्या सत्यभामाबाई माहेरच्या तापी. (या नद्यांनी सासरी येताना नावे मागेच ठेवली.) या तिघींची माहेरची नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्या किंवा त्यांचे नवरे प्रसिद्ध होते. शिवाय पहिली बायको मूल न होता गेली आणि दुसरी आली, तर पहिलीची ओळच गळण्याचा संभव मोठा, कारण तिच्यापासून वंश पुढे गेलेला नसतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की बाईचा शोध तिच्या जन्मापासून घेऊ नये, तिच्या नवऱ्याच्या मृत्यूपासून घ्यावा. जुन्या महसुली व्यवहारात बाई कागदावर येते ती तिच्या आणि जमिनीच्या मधला पुरुष नाहीसा झाला म्हणजे. नवरा जिवंत असेतो खाते त्याचे, कर्ज त्याचे, दावाही त्याचाच. तो गेला की ‘राधाबाई कोम सदाशिव’ किंवा ‘लक्ष्मी भ्रतार विठू’ अशी ओळ अवतरते. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. अमकी कुणाची मुलगी, हे तो शब्द सांगत नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि पुढे फेरफाराची वही गावोगाव आली. त्या वहीत वारसाची नोंद शोधावी. मुलगा लहान असेल तर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालन करणारी आई, असे लिहून तिचे नाव येते. एवढ्या चार अक्षरांतून किती कळते पाहा: नवरा कोणत्या सुमारास गेला, तेव्हा मुलगा अज्ञान होता, दीर असला तरी खाते त्याच्या हाती गेले नाही. आणि तीच नोंद ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून दिराच्या नावे झाली असेल, तर ती बाई एकत्र कुटुंबाच्या आड पुन्हा दिसेनाशी झाली असे समजावे.

या मुलखात विधवेचे कागद भरीव सापडण्याला एक कायदेशीर कारणही आहे. व्यवहारमयूखाच्या परंपरेप्रमाणे महाराष्ट्रात विधवेला नवऱ्याने परवानगी दिलेली नसली तरी दत्तक घेता येत असे; रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात मुंबई हायकोर्टाने १८६८ साली तसा निकाल दिला. त्यामुळे दत्तकपत्रात कर्ती ती असते, आणि भाऊबंद चिडून कोर्टात गेले तर तिची साक्षही असते. पोटगीच्या दाव्यांचेही तसेच. कागदाखाली सही नसेल तर निशाणी असते. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी. विधवेच्या दत्तकपत्राखाली बांगडीची निशाणी दिसली, तर त्यातला उपरोध लिहिणाऱ्या कारकुनाला जाणवला असेल का कोण जाणे. मात्र एक सावधगिरी बाळगावी. नोंदीतून नाव कमी झाले म्हणजे बाई वारली असे धरू नये. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला हक्क ती मेली असे समजून संपवला होता. पाटाची चाल असलेल्या जातींत एका गावी ‘नाव कमी’ झालेली बाई चार कोसांवर दुसऱ्याचा संसार करत असू शकते. लेकींचा न्याय याहून उलटा. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर त्या वारस झाल्या, आणि भावांना जमीन विकायची वेळ आली तेव्हा हक्कसोडपत्रात त्यांची सासरची नावे, वये आणि गावे ओळीने लिहिली गेली. जिने हक्क सोडला तिचीच नोंद पक्की.

शोधणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. पेण आणि रोहे १८१८ मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांकडे आले, अलिबाग मात्र १८४० मध्ये आंग्र्यांकडून. म्हणून माहेर अलिबागेकडचे आणि सासर पेणचे असेल तर दोन वेगळ्या राजवटींचे कागद पाहावे लागतात, तेही मोडीत. पेणचा भाग जुन्या दफ्तरात सांकशी या नावाने येतो, हे तालुके ज्यात येतात तो कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये, आणि त्याचे रायगड हे नाव १९८१ चे. घरातली बाई नवऱ्याबरोबर त्र्यंबकला गेली असेल, तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत गावाच्या नावाखाली तिचा उल्लेख मिळण्याची आशा धरता येते.

यावर खरा आक्षेप असा, की ही वाट जमीनवाल्यांची. मिठागरावर राबणाऱ्या आगरी बाईला आणि डोंगरातल्या कातकरणीला फेरफार कुठला? आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. शाळेचे जनरल रजिस्टर आणि गावची जन्ममृत्यूची नोंद इतकेच हाती उरते. पण कागद न मिळणे हीसुद्धा माहितीच असते: तिच्या नावावर घेण्यासारखे काही नव्हते. याच तालुक्यांतल्या पेणकर, रोहेकर अशा बेने इस्राएल घराण्यांकडे पाहिले की चालीने किती फरक पडतो ते दिसते. त्यांच्या विवाहपत्रात, केतुबात, वधूचे स्वतःचे नाव तिच्या बापाच्या नावासह लिहावे लागते. लग्नाच्याच दिवशी तिचे माहेर कागदावर नोंदले जाते.

दुसरा आक्षेप: मालमत्तेचा कागद हक्क सांगतो, आयुष्य सांगत नाही. यासाठी पेण तालुक्यातल्या गागोद्याचे उदाहरण घ्यावे. विनोबांचा, म्हणजे विनायक भाव्यांचा, जन्म तिथे ११ सप्टेंबर १८९५ चा. त्यांची आई रुक्मिणीबाई १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. तिला गीता मराठीतून हवी होती, आणि १९३२ च्या गीताईचे मूळ त्या इच्छेत आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे सगळे मुलाने सांगितले म्हणून. ती नवऱ्याच्या आधी गेली, म्हणजे माझ्या हिशेबाने तिचे नाव जमिनीच्या वहीत येण्याचे कारणच नव्हते. आठवण सांगणारा मुलगा नसेल तर सवाष्ण गेलेल्या बाईचा माग सगळ्यांत अवघड, आणि विधवेचा त्या मानाने सोपा. समाजाने जिला सवाष्णींच्या पंगतीतून उठवले तिलाच दफ्तराने ओळीत बसवले. कागद आयुष्य सांगत नाही हे खरे, पण आठवणीने ज्यांना सोडून दिले त्यांची तारीख तरी तो सांगतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात महाराष्ट्रात आईचे नाव बापाच्या आधी लिहायचे ठरले आहे. तो नियम तेव्हा असता, तर गागोद्याच्या जन्मनोंदीत विनायक रुक्मिणी नरहर भावे असे नाव पडले असते.