पळू नका, पडाल! मंडईच्या आसपासचे खेळ आणि धोक्याचा मालक

आजचा भाग छोटा आहे. मेट्रोने शिवाजीनगरहून मंडईला निघाला असाल, तर उतरेपर्यंत जवळपास ऐकून होईल.

विषय आहे शाळेतली एक सूचना: 'पळू नका, पडाल!' मी ती माझ्या शाळेत चक्क ग्राउंडवर ऐकलीय. ग्राउंडवर पळायचं नाही तर कुठे पळायचं, हे विचारायची सोय तेव्हा नव्हती. आज भाच्यांच्या शाळांमधून ऐकतो तर यादी वाढलेली असते. लंगडी नको, पकडापकडी नको, साखळी तर नकोच. मधल्या सुट्टीत डबा खा आणि बस.

यावर आपलं ठरलेलं उत्तर तयार असतं: हल्लीचे पालक घाबरट आणि मुलं मोबाईलमध्ये. मला हे अर्धंच खरं वाटतं. जुनी माणसं काही फार शूर नव्हती. त्यांच्याकडे धोक्याला एक मालक असायचा, आणि मंडईपासून चालत जाता येईल एवढ्याच परिसरात ही गोष्ट बघायला मिळते.

सुरुवात मंडईच्या नावापासून करू. भाजीबाजार आधी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरायचा. त्यासाठी नगरपालिकेने मोठी दगडी इमारत बांधली. १८८६ मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. या इमारतीवर एवढा खर्च करायला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाला द्या असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव मिळालं! पुण्यात असे विनोद इतिहासच करतो.

आता हे फुले शाळा काढण्याआधी कुठे होते? १८४७ च्या सुमारास ते गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकत होते. आजच्या मंडईपासून ही जागा चालत पंधरा-वीस मिनिटांवर. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, मुलींची शाळा सुरू झाली, आणि त्या शाळेच्या पाठीशी जी माणसं उभी राहिली त्यांत लहुजी होते. त्यांची पुतणी म्हणून ओळखली जाणारी मुक्ता साळवे याच शाळांमध्ये शिकली आणि १८५५ मध्ये तिचा निबंध छापून आला. म्हणजे पुण्यातल्या एका मोठ्या शाळेच्या गोष्टीत वस्ताद सुरुवातीपासून आहे.

दांडपट्टा म्हणजे मनगटाच्या वरपर्यंत लोखंडी खोबळा आणि पुढे लवचीक, दुधारी पातं. चुकलं तर शेजारचा जखमी. आजच्या कुठल्या शाळेच्या सुरक्षा समितीसमोर हा खेळ ठेवून बघा! पण तो शिकवला जायचा, कारण शिकवण्याची एक पद्धत होती. आधी काठी, मग पुढचं हत्यार. पाय कसे टाकायचे हे आधी, वार नंतर. आणि पुढची पायरी कधी, हे वस्ताद ठरवणार.

तालमीतली माती बघा. शुक्रवार पेठेत मंडईच्या जवळच चिंचेची तालीम आहे, पेठांमध्ये अशा अजूनही आहेत. कुस्तीच्या हौद्यात तांबडी माती असते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असं बरंच काही मिसळतात. माती मऊ राहते, खरचटलं तर चिघळण्याची भीती कमी. नवीन पोराला आल्या आल्या कुस्ती मिळत नाही, आधी हौदा खणायला लावतात. रोज खणायचं. वरवर ही गड्याची कामं वाटतात, पण त्यात पोराची पाठ आणि खांदे तयार होतात, आणि ज्या मातीवर तो उद्या आपटणार ती त्यानेच भुसभुशीत केलेली असते. आम्ही सॉफ्टवेअरवाले रिस्क मॅनेजमेंटच्या नावाखाली जे तक्ते भरतो, त्यापेक्षा हे मला जास्त समजलं.

मल्लखांबाचंही तेच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुण्यात त्याला नवा जन्म दिला असं परंपरेने सांगतात. जमिनीपासून आठ-साडेआठ फूट उंच, एरंडेल लावलेला गुळगुळीत लाकडी खांब. त्यावर उलटं लटकायचं. पण पहिल्याच दिवशी कुणी उलटं लटकत नाही. साधी अढी, मग तेढी, बगली, दसरंग, अशा पायऱ्या आहेत, आणि खाली कुणीतरी हात पुढे करून उभा असतोच. पडणार हे धरूनच सगळी रचना आहे.

मग शाळा आणि क्लब आले, आणि गल्लीतले खेळ कागदावर आले. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम ठरवले. मैदान केवढं, खांब कुठे, डाव किती वेळ. याच जिमखान्याच्या स्पर्धेत १९१९ मध्ये अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं बघून सर दोराबजी टाटांनी मनावर घेतलं, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. नियम झाल्यामुळे खेळ मोठा झाला, यात वाद नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. पुरुष संघाचा कॅप्टन प्रतीक वाईकर पुण्याचा. पण आता तो खेळ मॅटवर आहे, आणि मॅट नाही म्हणून आमच्याकडे खो-खो नाही, असं सांगायची सोय झालीय. आट्यापाट्या, आबाधोबी, सूरपारंब्या यांना तर ना मॅट मिळाली ना विश्वचषक.

इथे जरा थांबतो, कारण 'आमच्या वेळी' या सुरात गेलो तर ते खोटं होईल. जुन्या तालमी सगळ्यांच्या नव्हत्या. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे जातीवरून ठरायचं. लहुजींचं महत्त्व त्यातूनही कळतं. आणि मुलींना तर 'पडाल' ही सूचना दीडशे वर्षं जुनी आहे. त्यांच्यासाठी ती काळजी कमी आणि कुंपण जास्त होतं. १८८४ मध्ये हुजूरपागा शाळा सुरू झाली. ज्या जागी पेशव्यांचे घोडे बांधायचे तिथे मुली शिकू लागल्या. मुलींना स्वतःचं शाळेचं आवार मिळणं ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती. म्हणून आज मुलींची लंगडी बंद होते तेव्हा मला जास्त राग येतो.

आता आजचं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा उघडा, शेवटी परिशिष्ट आहे, शाळेच्या इमारतीत काय हवं याची यादी. त्यात खेळाचं मैदान आहे. मैदान केवढं हवं, ते नाही. आणि यादीत मैदानाच्या लगेच पुढचा मुद्दा काय? कुंपण किंवा आवारभिंत! पेठेत जिथे वाड्यांच्या जागी इमारती झाल्या आणि शाळेच्या चौकात शिक्षकांच्या टू-व्हीलर लागतात, तिथे भिंत होते आणि मैदान कागदावर राहतं.

भीतीला कारणंही आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजचे चौदा विद्यार्थी बुडाले. ज्यांची मुलं गेली त्यांच्यासमोर 'थोडा धोका हवाच' असं कोण म्हणेल? मी नाही म्हणणार. त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींवर कडक अटी घातल्या, आणि समुद्रासाठी ते समजण्यासारखं आहे. प्रश्न असा की समुद्राचा नियम चौकातल्या लंगडीला का लागतो?

नॉर्वेच्या एलन सँडसेटर या संशोधक बाईंनी २००७ मध्ये लहान मुलांच्या धोक्याच्या खेळांचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धारदार हत्यारं, आग-पाण्यासारख्या जागा, झटापट, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. यादी वाचताना मला हसू आलं. मल्लखांब, पकडापकडी, दांडपट्टा, नदीतलं पोहणं, कुस्ती, लपंडाव. सहाही आपल्याकडे होते, आणि त्यातल्या निम्म्यांना वस्ताद होता.

आज शाळेत पी.टी.चे एक सर किंवा मॅडम असतात. परीक्षा जवळ आली की त्यांचा तास गणिताला जातो, निवडणूक आली की ते स्वतःच ड्युटीवर जातात. वर्गात साठ मुलं, हातात एक शिट्टी. कुणाचा हात मोडला तर पालक आधी मुख्याध्यापकांकडे, मग कधी कधी पोलिसांत. त्या माणसाने लंगडी बंद केली तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. वस्तादाकडे पोराला थांबवायचा अधिकार होता आणि मोडलं-मुरगळलं तर बघायची तयारीही. कित्येक वस्ताद हाड स्वतःच बसवायचे. पोराच्या बापाचाही त्याच्यावर भरवसा असायचा. सरांकडे यातलं काय आहे?

घरी कुणाच्या शाळेचं हमीपत्र असेल तर वाचून बघा. काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, असं एक वाक्य बहुधा सापडेल. कोण जबाबदार राहील, ते शोधून मला व्हॉइस नोट पाठवा. आणि तुमच्या शाळेत कुठला खेळ बंद झाला, कुणी केला, काय कारण सांगितलं, तेही. पुढच्या भागात त्या नोट्स वाजवू.