पटकी, सोडा आणि रक्तातील आम्ल

१/ सन १८१७. पेंढाऱ्यांवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातील छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली. पुढच्याच वर्षी तिने वाशीमच्या पूर्वेस नागपूर आणि पश्चिमेस मुंबई गाठली.

२/ रुग्ण नेमका कशाने दगावतो? १८३१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये विल्यम ओ’शॉनेसी या तरुण डॉक्टराने रुग्णांचे रक्त तपासले. त्यातील पाणी, क्षार आणि अल्कली घटलेली आढळली. जुलाबांतून बायकार्बोनेट वाहून गेले की रक्तातील आम्लता वाढते.

३/ १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लॅटा यांनी मीठ व सोडा विरघळवलेले पाणी थेट शिरेत सोडले. मरणासन्न रुग्ण सावरले. मात्र अनेक जण पुन्हा खचून दगावले. उपाय मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतील सलाईन पुन्हा रुळवले आणि पुढे त्यास सोड्याची जोड दिली.

४/ मग प्रत्येक आम्लतेवर सोडाच द्यावा काय? तीव्र जंतुसंसर्गात सोडा वाहून गेलेला नसतो. शरीरातच लॅक्टिक आम्ल साचत असते. फ्रान्समधील अतिदक्षता विभागांत ३८९ रुग्णांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सोड्याने एकूण मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नाहीत. मूत्रपिंडांना गंभीर इजा झालेल्यांत मात्र लाभ दिसला.

५/ पटकीतील सोडा ही गमावलेल्याची भरपाई होती. म्हणूनच आजही पहिला प्रश्न तोच : अल्कली शरीराबाहेर गेली आहे, की आम्ल आत तयार होत आहे?